नानांचा पांढरा दिवा

लग्नाच्या आधी बांगड्या भरायला कासार आला, तेव्हा मोठ्यांच्या डब्यात माझ्या मापाच्या बांगड्या त्याला सापडेनात. शेवटी त्याने लहान मुलींच्या डब्यातून काढून भरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढासा हात! या पोरीच्या हातून भाकर थापली जाईल का?" बायका पोट धरून हसल्या. मला असा राग आला होता की काही विचारू नका. पुढे ह्याच हातावर आमचं दुकान चाललं, तेव्हा त्या कासाराला एकदा बोलावून चहा पाजावा असं फार मनात होतं. ते राहूनच गेलं.

माझं माहेर यावलचं, सासर धुळ्याचं, आणि संसार झाला जळगावला, हायवेच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. माझे यजमान गाड्यांचं वायरिंग करायचे. गिऱ्हाइकं त्यांना मिस्तरी म्हणायची, म्हणून मीही मिस्तरीच म्हणू लागले ते आजतागायत. सुरुवातीला मी फक्त स्टार्टरच्या मोटरीला तांब्याची तार गुंडाळून द्यायची, तीही घरी बसून, चुलीवर डाळ शिजत असताना. मग एकदा एका जीपच्या डॅशबोर्डमागे मिस्तरींचा पंजा जाईना. त्यांनी मला हाक मारली आणि माझा हात गेला. त्यानंतर मी काही घरी बसले नाही. बांगड्या मात्र काढून ठेवाव्या लागल्या. बॅटरीजवळ धातूची बांगडी म्हणजे ठिणगीला आमंत्रण, आणि काचेची वायरींत अडकून फुटते. बुद्धपौर्णिमेला शेड बंद असायची, तेव्हा हौसेने मनगटभर घालायची, एवढंच.

आमचं काम कसं, ते बाहेरच्या माणसाला सांगायला अवघड जातं. इंजिनवाल्याचं काम दिसतं, धूर निघतो, आवाज येतो. वीज दिसत नाही. ती कुठून निघाली, कुठे अडली आणि कुठे भलतीकडेच वळली, हे टेस्ट लॅम्प हातात धरून शोधत जायचं. टेस्ट लॅम्प म्हणजे वायरीला जोडलेला साधा बल्ब, आमचा स्टेथोस्कोपच म्हणा. शिरपूरच्या एका कापूसवाल्याच्या ट्रॅक्टरचा टेप डावा इंडिकेटर लावला तरच वाजायचा. मी दोष शोधून काढला, तर तो म्हणाला, "राहू द्या ताई, डावीकडं वळायला मजा येते." अशाही माणसांचं समाधान करावं लागतं. आणखी एक साहेब नवी कोरी गाडी घेऊन आले, घड्याळ बघितलं आणि मिस्तरींना म्हणाले, "बाईंना चहा करायला पाठवा अन् मुख्य कारागिराला बोलवा." मिस्तरी आपल्या अहिराणीत म्हणाले, "ती गाडीखाले शे." मी गाडीखालून पाय हलवून दाखवले.

पण आज सांगायची आहे ती रावेरच्या लाल गाडीची गोष्ट. ती झाली त्याला फार काळ लोटला नाही. शेडचं कुलूप आम्ही त्यानंतर थोड्याच दिवसांनी कायमचं लावलं.

हेमंतभाऊ म्हणजे रावेरकडचे केळीवाले. स्वतःच्या बागा, अंगणातच पॅकिंग, रोज ट्रक भरून जाणार. या माणसाने हौसेने दोन सीटची, टप उघडणारी, जमिनीला पोट टेकेल अशी जुनी लाल स्पोर्ट्स कार पुण्याहून आणली होती. केळीच्या बागांमधून ती निघाली की मजूर काम थांबवून बघायचे. आमच्याकडे ते ट्रकांच्या कामासाठी नेहमी यायचे. त्या दिवशी मात्र मोटरसायकलवर आले, आणि टेकल्या टेकल्याच बोलू लागले.

"ताई, लाल गाडीचा रिव्हर्स हॉर्न बंद आहे. मागचा दिवाही लागत नाही, पण तो राहू द्या. आधी हॉर्न पाहा."

"का हो, घाई कसली?"

त्यांनी मिस्तरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "नानांना धक्का लागला माझ्या हातून."

नाना म्हणजे त्यांचे वडील. त्यांना आमच्याकडे सगळे ओळखायचे, ते एका गोष्टीमुळे. त्यांच्या अंगणात कुठलाही ट्रक मागे घ्यायचा झाला की ट्रकच्या मागे नाना उभे. एक हात वर, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," आणि जागा आली की ट्रकच्या मागच्या फळीवर तळहाताचे दोन दणके. त्या दणक्यांशिवाय तिथला एकही ड्रायव्हर ब्रेक दाबत नसे. आरशावर त्यांचा भरवसा नव्हता, नानांच्या तळहातावर होता. तरुणपणापासून नानांचं हेच चाललेलं. पुढे कान गेले, अगदी ठार बहिरे झाले, तरी ते उभे राहतच होते. लाल गाडीच्या मागेसुद्धा. एवढ्याशा गाडीला कशाला, असं सून म्हणायची. नाना ऐकायचे नाहीत, आणि ऐकू तरी कुठे येत होतं!

आणि मग एका सकाळी हेमंतभाऊंनी गाडी सुरू केली. नाना खाटेवर बसलेले त्यांनी पाहिले होते, पण तेवढ्यात नाना उठून गाडीमागे पडलेला क्रेट उचलायला गेले होते. गाडी मागे आली, नाना पाल्याच्या ढिगावर आडवे झाले. नशीब की ढीग होता. मनगटाचं हाड मोडण्यावर निभावलं.

"मनगट जुळलं," हेमंतभाऊ म्हणाले. "पण ते आता उठतच नाहीत, ताई. ट्रक आला तरी खाटेवरून हलत नाहीत. ड्रायव्हर हात करून बोलावतात, हे तोंड फिरवून बसतात. जेवण अर्धं झालंय. मी गाडी विकायलाही तयार आहे, पण त्यानं नाना उठणार आहेत का? तुम्ही हॉर्न असा करून द्या की त्यांना पुन्हा भरवसा वाटला पाहिजे."

घरातलं माणूस असं आतून मिटत जाताना बघणं काय असतं, ते मला माहीत आहे. माझे सासरे असेच गेले. मी मिस्तरींकडे पाहिलं. त्यांनी हत्यारांची पिशवी आधीच उचलली होती.

रिव्हर्सचा दिवा लागतो कसा, ते आधी सांगते. गिअरबॉक्सच्या अंगात एक पितळी बटण स्क्रूसारखं बसवलेलं असतं, अंगठ्याएवढं. आपण गाडी रिव्हर्समध्ये टाकली की आतली दांडी सरकून ते बटण दाबते, वीज पुढे जाते आणि मागे पांढरा दिवा लागतो. फ्रीजचं दार उघडल्यावर दिवा लागतो ना, तसलंच काम. साध्या गाडीत हा स्विच चहा निवायच्या आत बदलून होतो. पण या लाल गाडीचा गिअरबॉक्स दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात, आणि स्विच त्याच्या वरच्या कुशीत. वरून जावं तर गाडीचा तळ आडवा, खालून जावं तर सायलेन्सरचा पाइप. ज्यानं ही गाडी बनवली, त्याला बहुधा स्विच कधीतरी बिघडतो हे ठाऊकच नसावं. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी हेमंतभाऊंना सांगितलं होतं, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा. त्यांचंही चूक नव्हतं. सरळ रस्ता तोच.

रावेरला हेमंतभाऊंच्या अंगणात ट्रकांच्या दुरुस्तीसाठी खोदलेला खड्डा होता. त्यावर मजुरांनी लाल गाडी ढकलत आणली. नाना पडवीत खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि नजर काढून घेतली. एवढा दांडगा माणूस, पण खाटेच्या कडेला हात कसा ठेवावा हेसुद्धा त्याला कळेनासं झाल्यासारखं वाटलं.

मी आधी बल्ब पाहिला. चांगला होता. मग फ्यूजचा डबा उघडला, आणि मिस्तरींना हाक मारली. फ्यूजच्या जागी कुणीतरी जाडजूड तार कोंबली होती. फ्यूज म्हणजे घरातला समंजस माणूस, भार जास्त झाला की स्वतः तुटतो आणि बाकीच्यांना वाचवतो. त्याच्या जागी अशी तार घातली की मग दुसरं कुणीतरी जळणारच. मी डिकी उघडली, अस्तर बाजूला केलं, तर आत एका पाठोपाठ एक हॉर्न! आधी गाडीचा नाजूक पिपाणीवजा हॉर्न, त्याच्या शेजारी ट्रकचा गाणं वाजवणारा, आणि त्याच्याही शेजारी त्याहून मोठा भोंगा. सगळ्यांच्या वायरी त्याच बिचाऱ्या मागच्या दिव्याच्या वायरीला मुरगळून जोडलेल्या.

"भाऊ, हा काय बँड पार्टीचा टेम्पो आहे का?" मी विचारलं.

हेमंतभाऊ लाजले. "नानांचे कान कमी होत गेले, तसतसा मी मोठा हॉर्न लावत गेलो. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून नाक्यावरच्या फिटरनं तार घातली. एवढा आवाज केला की गल्लीतली कुत्री पळायची. वाटलं, नानांना थोडं तरी जाईल कानात."

स्विच केला होता एका बल्बासाठी, आणि त्याच्या पोटातून या तीन भोंग्यांची वीज जात होती. जळाला नसता तरच नवल. मिस्तरी हळूच म्हणाले, "मायाच एवढी व्हती, तर स्विच काय करी?"

नवा स्विच हेमंतभाऊंनी पुण्याहून मागवून ठेवला होता, एकच. मी खड्ड्यात उतरले. मिस्तरींनी सायलेन्सरवरचा पत्रा काढला, हात घालून बघितला आणि बाहेर काढला. "मन्हा हात काही तठे जावाव नई. तुन्हा जाई. घाल."

गिअरबॉक्स आणि बोगद्याची भिंत यांच्या फटीतून माझा हात कोपरापर्यंत गेला. तिथून मनगट वर वळवायचं आणि मग बोटांनी बघायचं. डोळ्यांचा काही उपयोग नाही. मी तर अशा वेळी डोळे मिटूनच घेते. बोटांना वायरींचा झुपका लागला, मग प्लगची खाच, मग स्विचचे सहा पैलू. साधा पाना तिथे फिरत नाही, म्हणून मिस्तरींनी जुना पाना कापून, भट्टीत तापवून वाकवून आणला होता. पाना लावायचा, मुंगीच्या पावलाएवढा फिरवायचा, काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा. हात भरून येतो, मग बाहेर काढून झटकायचा. जुना स्विच सुटला तेव्हा गिअरबॉक्सचं तेल मनगटावरून कोपर, कोपरावरून थेट काखेत. त्या तेलाचा वास साबणाला भीक घालत नाही. परतीच्या वाटेवर मिस्तरींनी गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या होत्या.

जुना स्विच मी वर मिस्तरींकडे दिला आणि नवा घेऊन हात पुन्हा आत घातला. भोकाला लावला, एक आटा पकडतोय असं वाटलं, आणि तेलकट बोटांतून तो निसटला. टक् असा आवाज आला. खाली पडला असता तरी चाललं असतं, पण तो गिअरबॉक्सच्या माथ्यावर कुठल्याशा खोबणीत जाऊन बसला. मिस्तरींनी चुंबकाची काडी दिली. पितळ हो ते, चुंबकाला कशाला दाद देणार! हेमंतभाऊंचा चेहरा पडला. दुसरा स्विच यायचा म्हणजे पुन्हा वाट बघणं, आणि पडवीतला माणूस तेवढे दिवस आणखी आत आत जाणार. मला स्वतःचाच फार राग आला.

इतक्यात खड्ड्याच्या कडेला दोन पाय दिसले. वर पाहिलं तर नाना. बहिऱ्या माणसाचं लक्ष आपल्या तोंडाकडे नसतं, हाताकडे असतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सुटला का हातातून?" ते मोठ्यांदा म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं. "बांधून घे, पोरी. आम्ही केयीचा घड बांधल्याबिगर तोडत नही." आणि त्यांनी केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटाचा एक पातळ पट्टा मांडीवर वळून त्याची दोरी करून माझ्याकडे टाकली.

आधी निसटलेला स्विच मिळवायचा होता. मिस्तरींनी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून दिला. मी चाचपडत चाचपडत तो पितळेला टेकवला आणि श्वास धरून बाहेर ओढला. चिकटून आला. मग नानांच्या दोरीचा फास त्याच्या मानेला घातला आणि दुसरं टोक मनगटाला बांधलं. आता पडला तरी माझ्याजवळच राहणार. पुन्हा एकदा निसटला, पण लोंबकळून राहिला. तिसऱ्या खेपेला आटा लागला, पाना लागला, दोरी तोडून काढली, प्लग खटकन बसला. तो खटका ऐकला की मला अजूनही वाटतं, आपण फुकट नाही जगलो.

भोंगे मी सगळे सोडवले आणि फ्यूजच्या जागी फ्यूज घातला. हेमंतभाऊ म्हणाले, "ताई, हॉर्न काढून टाकले? मग नानांना कळणार कसं?"

हे मात्र नानांनाच विचारायचं होतं. मी डिकीतला मोठा भोंगा हातात उचलून त्यांना दाखवला, कानाकडे बोट नेलं, आणि भुवया उंचावल्या.

नाना हसले. "हा वाजे व्हय? मले तं कधी ऐकूच आला नही. मी दिवा पाहे. पांढरा दिवा लागला का गाळी मांगे येते, एवढंच." मग हसू मावळलं. स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "त्या दिशी मी पाहून गेलो. दिवा नोहता दिसला. तवा समजलं, कान तं गेले, आता डोये बी गेले. असा मानूस ट्रकच्या मांगं उभा राह्यला तं कोन्या ड्रायव्हरच्या माथी पाप येईन. म्हनून बसलो."

हेमंतभाऊ खड्ड्याच्या कडेला तसेच उभे होते, तोंडावर हात धरून. घरातल्या कुणी नानांना विचारलंच नव्हतं, आणि दिवा खरंच लागला नव्हता हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना हॉर्नचीच पडली होती.

मी जुना स्विच पुसला आणि नानांसमोर धरला. टेस्ट लॅम्प बॅटरीला जोडला, मध्ये तो स्विच धरला, त्याचं बटण दाबलं. लॅम्प विझलेलाच. नानांच्या हातात स्विच दिला. त्यांनी स्वतः दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. काही नाही. मग मी दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या आणि लॅम्प लख्ख पेटला. मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बोट केलं आणि मान डोलावली. मग जळक्या स्विचकडे बोट करून हात झटकला. डोळे चांगले आहेत नाना, मेला तो हा.

नानांनी तो काळा पडलेला पितळी स्विच उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे त्या दिशी दिवा नोहताच?"

हेमंतभाऊंनी जोरजोरात मान हलवली आणि वडिलांचं नुकतं जुळलेलं मनगट दोन्ही हातांत धरलं. मला रडू आलं. तेलकट हात डोळ्याला लागला, त्यामुळे आणखीच आलं.

गाडी खड्ड्यावरून उतरवली. हेमंतभाऊ आत बसले, पण त्यांचा हात गिअरवर जाईना. मागे बघत बसले. नाना चालत गेले आणि गाडीच्या मागे, नेहमीच्या अंतरावर उभे राहिले. हेमंतभाऊंनी गिअर टाकला. भर उन्हातसुद्धा तो पांढरा दिवा असा लागला की मजुरांनी टाळ्या वाजवल्या.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे!" नानांचा आवाज साऱ्या अंगणात घुमला. लाल गाडी इंच इंच मागे आली. आणि डिकीवर डाव्या तळहाताचे दोन दणके.

मिस्तरी माझ्या कानात म्हणाले, "बठ्ठं ठीक शे. चाल, घर जाऊत." मी हत्यारं गोळा करू लागले. तेवढ्यात फाटकात केळी भरायला ट्रक आला. ड्रायव्हरने सवयीने तोंड बाहेर काढलं आणि नानांना बघून बघतच राहिला. नाना खाटेकडे वळले नाहीत. तडक ट्रकच्या मागे गेले आणि हात वर केला. ट्रकने रिव्हर्स टाकला, एक पाऊल मागे आला, आणि नानांनी फळीवर असा दणका मारला की ट्रक जागीच थांबला.

"याचा दिवा नही लागत!" नाना ओरडले. ड्रायव्हर काहीतरी म्हणू लागला, तर त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बोट केलं. "पोरी, इकळे ये. आधी याचा दिवा कर, मंग मी याले मांगे घेईन."

मी मिस्तरींकडे पाहिलं आणि पिशवी पुन्हा उघडली.